सातशे गाथा आणि कुणाचा तरी आवाज

आजचा विषय घरात चारचौघांत काढायला जरा अवघड. शृंगाराचे पुस्तक, तेही एका लेखकाचे नाही, अनेकांचे. असा कथासंग्रह आज निघाला तर आपल्यापैकी बरेच जण तो वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आणतील. पण महाराष्ट्री प्राकृतातला जो संग्रह आपण अभिमानाने सांगतो, ती हाल सातवाहनाची 'गाहा सत्तसई', म्हणजे गाथासप्तशती, नेमकी तशीच आहे.

हाल हा परंपरेने इसवी सनाच्या पहिल्या शतकातला राजा. एक गाथा म्हणते की कोटीभर गाथांतून त्याने या सातशे निवडल्या. कोटीचा आकडा सोडून द्या, राजेलोकांचा हिशेब तसाच असतो. पण 'निवडल्या' हा शब्द सोडू नका. जर्मन पंडित वेबर यांनी एकोणिसाव्या शतकात हस्तलिखिते ताडून पाहिली, तेव्हा सगळ्या परंपरांत समान अशा गाथा निघाल्या ४३० च्या आसपास. म्हणजे हालानंतरही लोक या पुस्तकात भर घालत, फेरफार करत राहिले.

आता ते वाचायचे कसे? गाथा दोन ओळींची. कोण बोलतेय, कुणाशी, हे बहुतेक वेळा सांगितलेलेच नसते. मग टीकाकार येतात आणि पाटी लावतात: ही कुलटा बोलते, ही दूती बोलते. पाटी लागली की आपण निवांत होतो, आणि घोटाळा तिथेच होतो. एक प्रसिद्ध गाथा घ्या. गोदाकाठच्या कुंजात फुले तोडायला येणाऱ्या धार्मिक माणसाला एक बाई सांगते, बिनधास्त फिरा महाराज, तो त्रास देणारा कुत्रा सिंहाने मारला. शब्दांत आमंत्रण आहे, अर्थात हाकलणे. कारण ती कुंजातली जागा तिला दुसऱ्याच कामासाठी हवी आहे! नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाने ध्वनी समजावताना हीच गाथा घेतली. पुढे महिमभट्ट म्हणाला, ध्वनी कसला, हे तर साधे अनुमान. धूर पाहून अग्नी ओळखतो तसे. गावच्या चावट गोष्टीवरून ज्ञानमीमांसेचा वाद उभा राहिला, आणि आमच्यासारख्या तत्त्वज्ञानवाल्यांना त्याचा आनंद काही औरच.

खरा पेच इतिहासाचा आहे. स. आ. जोगळेकरांच्या १९५६ च्या मराठी आवृत्तीनंतर हे पुस्तक आपल्याकडे 'त्या काळच्या महाराष्ट्राचा आरसा' म्हणून वाचले जाऊ लागले. गावचा ग्रामणी, नांगर धरणारा हालिक, त्याची बायको, परदेशी गेलेला नवरा, सगळे त्यात आहे. साळीचे शेत पिकून पांढुरके झाले, आता भेटायचे कुठे, म्हणून एक मुलगी मान घालून बसते. तिला सांगितले जाते, तागाचे शेत अजून उभे आहे ना! हे ज्याने लिहिले त्याला पिकांचे वेळापत्रक ठाऊक होते, हे आम्ही मानतो. पण त्यावरून 'त्या काळच्या बायका अशा मोकळ्या होत्या' म्हणणे ही उडी झाली. निवड दरबाराच्या रुचीने झालेली आहे. दरबारी रसिकाला शेतकरणीचा शृंगार का आवडत होता, हा प्रश्न आधी विचारायला हवा. आणि 'आपल्या संस्कृतीत असले काही नव्हतेच' म्हणणाऱ्यांनी निदान पहिली पन्नास पाने तरी उघडावीत.

आणखी एक गाठ आहे. बऱ्याच गाथांत 'मी' म्हणणारी बाई आहे. काही गाथांपुढे रेवा, माधवी, अनुलक्ष्मी, शशिप्रभा अशी नावे परंपरेने दिलेली आहेत, पण ती सगळ्या ठिकाणी जुळत नाहीत. मग पुरुषाने बाईच्या तोंडी घातलेले बोलणे कोणते, आणि बाईचे स्वतःचे कोणते? निव्वळ भाषेवरून आम्हांला ते आजवर छातीठोकपणे सांगता आलेले नाही. पुढच्या वेळी या नावांच्या गाथा आपण आधी नाव झाकून वाचू आणि मग नाव उघडून. वही-पेन घेऊन बसा.