दादासाहेबांचा कॅमेरामन नवशिका होता

सोनईहून बोलतोय. गेले काही दिवस तुमच्या मेसेजमध्ये एकच प्रश्न फिरून फिरून येतोय. फोटो आणि व्हिडिओ नीट काढायला शिकायचंय, सुरुवात कुठून करू आणि फोन कोणता घेऊ? फोनचं मला विचारू नका, ते मोबाईलच्या दुकानात सांगतील. आपलं काम इतिहासाचं. म्हणून आज एका अशा माणसाची गोष्ट सांगतो, ज्याला कॅमेरा चालवायला नुकताच शिकवला होता आणि लगेच त्याच्या हातात भारतातला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट दिला गेला.

त्याचं नाव त्र्यंबक तेलंग. चित्रपट अर्थातच 'राजा हरिश्चंद्र', १९१३ सालचा. (तोरण्यांच्या 'पुंडलिक'वाली मंडळी आता हात वर करतील. मान्य आहे, त्यावर वेगळा भाग करू.)

तेलंग हे दादासाहेब फाळक्यांचे बालपणीचे मित्र, त्र्यंबकेश्वरचे. म्हणजे आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यातले. फाळके स्वतः कॅमेऱ्यात मुरलेले होते. बडोद्याच्या कलाभवनात शिकले, गोध्र्याला फोटो स्टुडिओ चालवला, छपाईच्या धंद्यात ब्लॉक बनवले. १९१२ मध्ये ते लंडनला गेले आणि विल्यमसन कंपनीचा सिनेमाचा कॅमेरा घेऊन आले. पण चित्रपट करायचा म्हणजे गोष्ट लिहायची, नट शोधायचे, पडदे रंगवायचे, राजाला राजा आणि पुरुषाला तारामती करायची. त्यात कॅमेऱ्याची मूठ कोण फिरवणार? मग त्यांनी मित्राला बसवून शिकवलं. आधी साध्या फोटोचं तंत्र, मग सिनेमाच्या कॅमेऱ्याची यंत्रणा. हा क्रम लक्षात ठेवा. आधी स्थिर फोटो, मग व्हिडिओ.

यात पणाला काय लागलं होतं तेही ऐका. लंडनला जाण्यासाठी फाळक्यांनी विम्याच्या पॉलिसी गहाण टाकल्या होत्या. पुढे चित्रपटासाठी पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने गेले. त्याआधी रात्रंदिवस सिनेमे बघून आणि प्रयोग करून डोळे इतके बिघडले की काही काळ दिसणंच बंद झालं होतं. तेलंगांच्या मुठीवर हे सगळं फिरणार होतं.

आता ती मूठ म्हणजे काय, ते समजून घेऊ. त्या काळच्या कॅमेऱ्याला मोटर नव्हती. हाताने मूठ फिरवायची, सेकंदाला साधारण दोन फेरे. एका फेऱ्यात आठ फ्रेम, म्हणजे सेकंदाला सोळा. हात मंदावला तर प्रत्येक फ्रेम जास्त वेळ उघडी राहणार आणि तिच्यावर जास्त उजेड पडणार, म्हणजे चित्र पांढरं फटक. शिवाय पडद्यावर माणसं तुरुतुरु पळताना दिसणार. हात भरभर चालला तर उलटं, चित्र काळपट आणि हालचाल सुस्त. परदेशातले कॅमेरामन ताल चुकू नये म्हणून मनात गाणं गुणगुणायचे.

तुमचा फोन हेच करतो, फक्त न सांगता. संध्याकाळी उजेड कमी झाला की तो प्रत्येक फोटोसाठी जास्त वेळ घेतो. तेवढ्यात तुमचा हात हलतो आणि फोटो फराटा मारल्यासारखा येतो. मग आपण म्हणतो, कॅमेरा भंगार आहे. कॅमेरा ठीक आहे हो, कोपर टेकवा. दोन्ही कोपर बरगड्यांना लावा, नाहीतर खांबाला, ट्रॅक्टरच्या मडगार्डला टेका, श्वास सोडून झाला की बटण दाबा. गळीत हंगामात मुळा कारखान्याकडे तिन्हीसांजेला जाणाऱ्या उसाच्या ट्रॉल्यांवर करून बघा, फरक लगेच कळेल.

उजेड किती, हे ओळखणं ही पुढची पायरी, आणि इथे फोन हमखास फसतो. फोनला सगळं जग मधल्या राखाडी रंगाचं करायची सवय असते. काळ्या म्हशीचा फोटो काढा, तो म्हैस उजळून राखाडी करतो आणि मागचं आभाळ पांढरं करून टाकतो. पांढऱ्या खिल्लार बैलाचा काढा, बैल मळकट होतो. उपाय सोपा आहे. स्क्रीनवर म्हशीवर बोट टेकवा, बाजूला छोटा सूर्य येतो, तो थोडा खाली ओढा. बैलासाठी वर ओढा. बस्स. फाळके आणि तेलंग यांना उजेडाचा हा अंदाज डोळ्यांनीच घ्यायचा होता, स्क्रीन नव्हती. शिवाय त्या काळची फिल्म लाल रंगाला आंधळी होती. कपाळावरचं लालभडक कुंकू तिच्यावर काळं उमटायचं. नटाचा लाल शेला पडद्यावर कसा दिसेल, हे आधी डोक्यात काळ्यापांढऱ्यात बदलून बघावं लागायचं. फोनमध्ये ब्लॅक अँड व्हाइट फिल्टर लावून आठवडाभर फोटो काढा. रंगांची भूल उतरते आणि नुसता उजेड-अंधार दिसायला लागतो.

मला स्वतःला सगळ्यात आवडणारी गोष्ट सरस्वतीबाईंची आहे. शूटिंग दिवसा, उघड्या उन्हात. सूर्य डोक्यावर आला की माणसाच्या डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात, नाकाची सावली ओठांवर येते. अशा वेळी सरस्वतीबाई पांढरी चादर धरून उन्हात उभ्या राहायच्या, म्हणजे ऊन चादरीवर आपटून नटांच्या चेहऱ्यावर परत यावं. आज ज्याला रिफ्लेक्टर म्हणतात आणि ऑनलाइन मागवतात, तो हाच. सगळ्या मंडळींचा स्वयंपाक त्याच करत. कोरी फिल्म छिद्रं न पाडलेली यायची, तिला काळोखात छिद्रं पाडायचं कामही त्यांचंच. शूटिंग झाल्यावर रात्री फिल्म धुवायलाही त्या बसायच्या. मग चित्रपटसृष्टीचा 'जनक' म्हणताना आपण एकाच माणसाचा फोटो का लावतो, हे मला कळत नाही.

आपल्याकडे लग्नं मे महिन्यात, मुहूर्त भर दुपारचे. नवरा-नवरीचे फोटो मांडवाबाहेर उन्हात काढतात आणि डोळ्यांच्या जागी दोन खड्डे येतात. एकाला पांढरं धोतर किंवा थर्माकोलचा पत्रा धरायला लावा, कमरेच्या उंचीवर, चेहऱ्याकडे थोडा तिरका. तेही नसेल तर माणसाला पडवीच्या कडेला सावलीत उभं करा, तोंड बाहेर उजेडाकडे. एवढं केलं तरी निम्मं काम होतं.

आता वाटाण्याचा किस्सा. चित्रपटाआधी फाळक्यांनी कुंडीत वाटाणा लावला, समोर कॅमेरा ठेवला आणि अंकुराचा वेल होईपर्यंत थोडं थोडं चित्रण केलं. ते बघून यशवंत नाडकर्णी पैसे द्यायला तयार झाले. बहुतेक ठिकाणी लिहिलेलं असतं की रोज एक फ्रेम, महिनाभर, आणि तयार झाली मिनिटभराची फिल्म. जरा हिशेब करा. तीस दिवसांच्या तीस फ्रेम, सेकंदाला सोळा, म्हणजे दोन सेकंदसुद्धा पुरे नाहीत. मिनिटभरासाठी साडेनऊशेच्या वर फ्रेम लागतात. महिन्याच्या हिशेबाने रोज तीसेक. म्हणजे 'रोज एक'वर मिनिटभराची फिल्म होत नाही. 'रोज एक' ऐकायला गोड आहे, म्हणून ते चालत आलंय. महिनाभर कुंडी न हलवता, दिवसातून तीस वेळा कॅमेऱ्याशी उभं राहणं हे त्याहून मोठं काम आहे, असं मला वाटतं.

तुम्ही मटकीवर करा. मोड यायला दोन दिवस पुरतात. फोन पुस्तकांच्या चळतीत घट्ट बसवा, फोकस आणि उजेड दोन्ही लॉक करा, खिडकीचं ऊन बदलतं म्हणून दिवा एकच आणि सतत चालू ठेवा. फोन चार्जिंगला लावायला विसरू नका, आणि घरच्यांना आधी सांगा, नाहीतर मटकीची उसळ होईल.

'राजा हरिश्चंद्र' पूर्ण व्हायला सहा महिने सत्तावीस दिवस लागले. दिवसा काय टिपलंय ते रात्री फिल्म धुतल्यावरच दिसायचं आणि बिघडलं असेल तर पुन्हा शूटिंग. ३ मे १९१३ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये तो लागला. तेलंगांनी टिपलेल्या चार रिळांपैकी आज पुण्याच्या चित्रपट संग्रहालयात पहिलं आणि शेवटचं, अशी दोनच आहेत. तीही १९१७ साली फाळक्यांनी पुन्हा केलेल्या आवृत्तीची आहेत, असं काही अभ्यासक म्हणतात. इंटरनेटवर सापडतात. आज रात्री बघा, पण गोष्ट बघू नका. कॅमेरा जागचा हलतो का ते बघा, आणि कारंज्याच्या हौदाच्या प्रसंगात ऊन कुठल्या बाजूने येतंय ते सावल्यांवरून ओळखा. उत्तर मला व्हॉइस मेसेजने पाठवा.