वैद्यकीय गांजा : कायदा नेमके काय सांगतो?

चाळीसगाव, प्रतिनिधी - खानदेशात गांजाचा विषय निघाला की आठवतात त्या शिरपूर तालुक्यातील पोलीस कारवाया. सातपुड्याच्या पायथ्याशी कापूस-तुरीच्या आड लावलेली झाडे उपटल्याच्या बातम्या वारंवार येतात. त्या गदारोळात, असाध्य व्याधीच्या रुग्णांना याच वनस्पतीचे औषध मिळावे काय, हा प्रश्न मागे पडतो.

१९८५ च्या एनडीपीएस कायद्यानुसार गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे वा फळाचे शेंडे. नुसती पाने आणि बिया त्या व्याख्येत नाहीत. म्हणूनच भांग केंद्रीय कायद्यातून सुटते. महाराष्ट्रात मात्र १९४९ चा दारूबंदी कायदा तिला लागू आहे. आयुर्वेदात ती 'विजया' या नावाने ओळखली जाते आणि जातिफलादि चूर्णात वापरली जाते. विशेष म्हणजे कलम ८ मधील बंदीतून वैद्यकीय व शास्त्रीय उपयोग वगळलेला आहे, तर कलम १० नुसार लागवडीला परवानगी देण्याचा अधिकार राज्यांना आहे. म्हणजे दार बंद नाही, ते उघडण्याची इच्छाशक्ती कमी आहे.

शास्त्रीय पुरावा सर्व आजारांत सारखा नाही. बालकांच्या काही दुर्मिळ अपस्मारांवर कॅनाबिडिऑल उपयुक्त ठरले असून अमेरिकेने २०१८ मध्ये त्याच्या औषधास मान्यता दिली. केमोथेरपीनंतरच्या मळमळीवरही उपयोग दिसतो. वेदनांबाबत तज्ज्ञांत मतभेद आहेत. तरुणांतील मनोविकारांचा धोकाही दुर्लक्षिता येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अंमली पदार्थविषयक आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये २७ विरुद्ध २५ मतांनी गांजाला सर्वांत कडक यादीतून वगळले. भारताने बाजूने मत दिले, तथापि देशातील कायदा बदलला नाही.

या वादात मॉर्फिनचा अनुभव विसरता कामा नये. कर्करोगाच्या तीव्र वेदनांवर ते सिद्ध औषध आहे. तरीही १९८५ नंतर परवान्यांच्या जाचामुळे त्याचा वापर झपाट्याने घटला. २०१४ च्या दुरुस्तीने नियम सुटसुटीत केले, पण साठा ठेवणारे मान्यताप्राप्त रुग्णालय जवळ नसेल तर ग्रामीण रुग्णाला त्याचा काय उपयोग? वेदनेने कण्हणाऱ्या रुग्णास चाळीसगावहून नाशिक वा मुंबईला नेणे हे कुटुंबाला सोपे नसते. गांजाला परवानगी मिळाली तरी हीच अडचण पहिली उभी राहील.

तोवर कोणी 'औषधी' म्हणून गांजा देऊ केल्यास सावध राहावे. परवान्याविना एक किलोपर्यंतचा साठा बाळगल्यास एक वर्षापर्यंत सश्रम कारावास, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.