एवढीशी खिंड

माझा भाचा फिनिक्सला असतो. मागे त्याने ॲरिझोनातल्या अँटिलोप कॅन्यनचे फोटो पाठवले होते. वाळवंटातल्या लाल वालुकाश्मात पाण्याने कोरलेली चिंचोळी घळ. दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील अशी! तिथे नावाहो लोकांच्या वाटाड्याशिवाय आत जाता येत नाही. फोटोंखाली त्याने विचारलं होतं, "मामा, आपल्याकडे असं काही आहे का?"

आहे की. वाळवंट नाही, उलट आषाढात छत्रीसुद्धा हात टेकते असा मुलूख आहे. दगड काळा आहे, सह्याद्रीचा. पण पाण्याचं काम तेच. कोल्हापूरच्या पश्चिमेला गजापूरजवळ, जिथे कासारी नदी नुकती जन्माला आलेली असते, तिथली घोडखिंड. म्हणजे आपली पावनखिंड.

दरवर्षी जुलैत पन्हाळा ते पावनखिंड अशी पायी मोहीम निघते. बरेच गट नेतात. आमच्या चाळीस जणांच्या गटाबरोबर एक वाटाड्या होता, पन्नाशीचा, डोक्यावर प्लास्टिकचं इरलं. बोलणं कमी, चालणं फार. राजदिंडीने उतरायचं, मसाई पठार ओलांडायचं, मग वाड्यामागून वाड्या आणि गुडघाभर चिखल. आम्ही मध्ये मुक्काम करून, गरम आमटी-भात खाऊन दोन दिवसांत गेलो. महाराज आणि त्यांचे लोक ते अंतर एका रात्रीत आणि पुढच्या दिवसात गेले होते, तेही पाठलाग अंगावर घेऊन.

इतिहास तुम्हाला शाळेपासून पाठ आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. मार्च १६६० पासून सिद्दी जौहरचा पन्हाळ्याला वेढा. राजापूरच्या वखारीतले इंग्रज त्याच्या मदतीला तोफा घेऊन आले, आपलं निशाण लावून. (१६६१ मध्ये महाराजांनी राजापूरला जाऊन हा हिशेब चुकता केला, हे मला फार आवडतं.) पावसाळा आला तरी वेढा ढिला पडेना. मग १२ जुलैची रात्र, आषाढी पौर्णिमा. नेबापूरचा शिवा काशीद महाराजांच्या वेषात पालखीत बसला, सापडला आणि मारला गेला. दुसऱ्या वाटेने महाराज विशाळगडाकडे निघाले. गडाचं तेव्हाचं नाव खेळणा. तिथेही सुर्वे आणि दळवी वेढा घालून बसलेले. म्हणजे मागे सिद्दी मसूद, पुढे हे!

खिंडीपाशी पोचल्यावर पहिल्यांदा येणारा माणूस हमखास म्हणतो, "एवढीच?" आमच्यातही एकजण म्हणाला. चित्रं, सिनेमे, पोवाडे यांनी आपल्या मनातली खिंड भलतीच मोठी करून ठेवलेली असते. आता वर स्मारक आहे, खाली उतरायला लोखंडी जिना आहे.

वाटाड्याने त्या माणसाला उत्तर दिलं नाही. तिघांना बोलावून चिंचोळ्या जागी शेजारी शेजारी उभं केलं, हातात काठ्या दिल्या. मग आम्हा बाकीच्यांना म्हणाला, "जावा आता पलीकडं." आम्ही पस्तीस-छत्तीस जण. पण पुढे जाऊ शकत होते फक्त दोघं-तिघं. बाकीचे मागे शेवाळावरून घसरत, एकमेकांच्या पाठीला नाक लावून उभे. कुणीतरी मागून ओरडत होतं, "काय झालं रे पुढं?" दोन मिनिटांत सगळी लढाई समजली. मागची फौज हजाराची असो की पाच हजाराची, इथे ती तिघांची होते. घोडा असून नसल्यासारखा. खिंड एवढीशी होती म्हणूनच ती उपयोगाची होती.

तेवढ्यात वर ढग काळे झाले आणि त्याने शिट्टी मारून सगळ्यांना बाहेर काढलं. आमचे काही तरुण कुरकुरले. मला मात्र भाच्याच्या त्या कॅन्यनचं आठवलं. १२ ऑगस्ट १९९७ ला तिथे अकरा पर्यटक पुरात गेले. पाऊस काही मैल लांब पडला होता, घळीवर नाही. वाटाडे वर बघत असतात ते उगाच नाही.

वर येऊन उभे राहिलो तेव्हा त्याने सहज विचारलं, "हितं किती पडले?" परंपरेने तीनशे लोक खिंडीत राहिले असं सांगतात, ते आम्ही सांगितलं. "मग नावं सांगा." बाजीप्रभू. त्यांचे भाऊ फुलाजी. आणि मग... चाळीस शिकलेली माणसं गप्प. कुणी शिवा काशीदचं नाव घेतलं, पण तो खिंडीपर्यंत आलाच नव्हता.

घरी येऊन पुस्तकं काढली. ग्रँट डफने १८२६ च्या इतिहासात महाराजांना विशाळगडाऐवजी रांगण्याला नेऊन ठेवलंय! साहेब साताऱ्याला रेसिडेंट होता, दोन्ही गड आपल्याच जिल्ह्यात, तरीही. असो. गंमत जेधे शकावलीत आहे. तिथली नोंद त्रोटक आहे. त्यात लढाईची शर्थ केल्याचं श्रेय दिलंय ते बांदल लोकांना. बाजीप्रभू त्यांच्यातलेच, बांदलांचे देशपांडे. पुढे महाराजांनी तलवारीच्या पहिल्या पानाचा मान जेध्यांकडून घेऊन बांदलांना दिला. जेधे आणि बांदल यांचं जुनं वैर लक्षात घेतलं, तर हे किती मोठं होतं ते कळतं. आणि बांदलांच्या कामगिरीची नोंद जेध्यांच्या घरच्या शकावलीने ठेवली, हेही लहान नाही.

मान घराण्याला मिळाला. समाध्या बाजी आणि फुलाजी यांच्या आहेत, विशाळगडावर. बाकीच्यांच्या वाट्याला 'बांदल लोक' हे दोन शब्द आले. ही माणसं या भागातली नव्हतीच. भोरकडच्या हिरडस मावळातली, नीरेच्या पाण्यावर वाढलेली. ऐन आषाढात, म्हणजे घरी भातलावणीचे दिवस असताना, ती इथे कासारीच्या उगमापाशी उभी होती. वाटेतल्या नद्या दुथडी भरलेल्या. पन्हाळा तर सप्टेंबरात तहाने आदिलशाहीला द्यावाच लागला. त्या घरांत बातमी कधी पोचली असेल? आणि तीनशे घरांत सांगायला कोण गेलं असेल?