कप्तानपद कोणाचे?

सकाळच्या वेळी बोरिवली किंवा अंधेरीहून चर्चगेटकडे जाणाऱ्या धीम्या गाडीत बसलात, तर दोन गोष्टी हमखास दिसतात. पहिली म्हणजे तरुण मुलांच्या डोक्यावरची, पुढे लांब झाप असलेली टोपी. तिच्यावर एन आणि वाय ही दोन इंग्रजी अक्षरं एकमेकांत गुंफलेली असतात. ती न्यूयॉर्क यँकीज नावाच्या बेसबॉल संघाची खूण आहे, हे टोपी घालणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असतं. दुसरी गोष्ट दिसते ती चर्नी रोड स्टेशन सुटल्यावर उजव्या हाताला, समुद्राच्या बाजूला. हिंदू जिमखाना, इस्लाम जिमखाना, पारशी जिमखाना, अशी एका ओळीत मैदानं. त्यांची नावं आपण इतक्या वेळा वाचतो की एखाद्या क्रीडासंस्थेच्या नावात धर्म का आला, हा प्रश्न मनात येतच नाही. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, आणि तोच मला आज सांगायचा आहे.

आधी बेसबॉलचं थोडक्यात सांगून टाकतो. हाही दांडू-चेंडूचाच खेळ. नऊ-नऊ गडी, नऊ डाव, आणि चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार ठाणी. चेंडू टोलवायचा आणि ठाण्यामागून ठाणं गाठत पुन्हा मूळ जागी यायचं, की एक धाव झाली. आपल्याकडे क्रिकेटमध्ये पैसे घेणं जेव्हा हलकं समजत, त्या काळात अमेरिकेनं या खेळाचा उघडउघड धंदा केला. १८६९ साली सिनसिनाटी शहराच्या संघातले सगळे खेळाडू राजरोस पगारी होते. १८७६ साली नॅशनल लीग निघाली, १९०१ साली तिला अमेरिकन लीग ही प्रतिस्पर्धी आली, आणि १९०३ साली दोन्ही लीगांच्या विजेत्यांचा पहिला मुकाबला होऊन बोस्टननं पिट्सबर्गला हरवलं. या मुकाबल्याला ते लोक 'वर्ल्ड सिरीज' म्हणतात. नाव जरा जास्तच मोठं आहे! जगातलं त्यात एवढंच की १९९२ आणि १९९३ साली कॅनडातल्या टोरोंटोनं ती जिंकली. दरवर्षी शरद ऋतूत होणारी ही मालिका १९०४ साली एका संघमालकाच्या हट्टापायी झाली नाही, आणि १९९४ साली चक्क खेळाडूंच्या संपामुळे झाली नाही. ज्यानं गिरणगावाचा संप पाहिला त्याला खेळाडूंचा संप ऐकून हसू येईल. पण पगार आला तिथं संपही आलाच.

अमेरिकन माणसाला हा खेळ म्हणजे आपल्या लोकशाहीचं चित्र वाटतं. १९१० साली राष्ट्राध्यक्ष टॅफ्ट यांनी हंगामाचा पहिला चेंडू फेकला आणि तो पुढे रिवाजच झाला. शेतकऱ्याचं पोर असो की नुकता बोटीतून उतरलेला इटालियन, मैदानात सगळे सारखे, असं ते अभिमानानं सांगत. सगळे म्हणजे गोरे सगळे. १८८४ साली टोलेडोच्या संघातून मोझेस फ्लीटवुड वॉकर हा कृष्णवर्णी खेळाडू खेळला, आणि त्यानंतर थोड्याच काळात दारं बंद झाली. लिहिलेला नियम कुठंच नव्हता. मालकांचा आपसांतला समज होता, आणि तो साठ वर्षं टिकला. मग १९२० साली रूब फॉस्टर यांनी कृष्णवर्णी खेळाडूंची स्वतंत्र लीग काढली. सॅचेल पेज, जॉश गिब्सन यांच्यासारखे असामान्य खेळाडू त्या वेगळ्या पंगतीत खेळत राहिले.

आता 'पंगत' हा शब्द आला, तेव्हा आपल्या घरी येऊ.

मुंबईत देशी लोकांत क्रिकेट प्रथम उचललं पारशांनी. त्यांचा ओरिएंटल क्लब १८४८ सालचा. १८९० साली त्यांनी व्हर्नन यांच्या इंग्लिश पाहुण्या संघाला हरवलं, आणि युरोपियन विरुद्ध पारशी हे सामने म्हणजे शहराचा उत्सव होऊन बसला. १९०७ मध्ये हिंदू आले आणि सामने तिरंगी झाले. १९१२ मध्ये मुसलमान आले, ते चौरंगी झाले. १९३७ साली ख्रिस्ती वगैरे 'इतरांचा' संघ आला आणि पंचरंगी हा शब्द मराठीत रूढ झाला. अमेरिकेत संघ शहरांचे होते; इथं ते जातीधर्माचे झाले. माझ्या मते यात सगळाच दोष इंग्रजांना देण्यात अर्थ नाही. आपण जिमखाने काढले तेच मुळी तसे काढले.

पण 'हिंदूंचा संघ' म्हटलं की पुढचा प्रश्न येतो: हिंदू म्हणजे कोण कोण?

नॅशनल लीग जन्मली त्याच वर्षी, म्हणजे १८७६ च्या मार्च महिन्यात, धारवाडला बाळू पालवणकर यांचा जन्म झाला. घराणं कोकणातलं, जात चर्मकार, वडील लष्कराच्या नोकरीत. त्यामुळे बालपण पुण्यात गेलं. बाळूंची पहिली नोकरी पुण्यातल्या पारशी क्लबात, महिना तीन रुपये. काम काय, तर खेळपट्टी झाडणं, रोलर फिरवणं आणि सभासदांना सरावासाठी अधूनमधून चेंडू टाकणं. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना जिमखान्यात गेले आणि पगार एक रुपयानं वाढून चार रुपये झाला. तिथं ग्रेग नावाचे फटकेबाज साहेब होते. आपल्याला बाद केलंस तर दर खेपेला आठ आणे, असं त्यांनी बाळूंना सांगितल्याची गोष्ट क्रिकेटवाले सांगत आले आहेत. ती खरी असो वा रचलेली, एवढं नक्की की तासन् तास साहेबांना चेंडू टाकून टाकून बाळूंचा डावा हात तयार झाला. मात्र त्याच साहेबांनी त्यांच्या हाती बॅट कधी दिली नाही. फलंदाजी सभासदांची, गोलंदाजी नोकराची! सिनसिनाटीच्या पगारी खेळाडूंशी तुलनाच करायची तर हिंदी क्रिकेटमधले पहिले खरे व्यावसायिक हे असे झाडूवाले आणि रोलरवाले होते. त्यांना खेळाडू मात्र कोणी म्हणत नव्हतं.

पुण्यातल्या हिंदूंच्या क्लबाला साहेबांना हरवायचं होतं, आणि साहेबांना हरवू शकणारा गोलंदाज अस्पृश्य निघाला. बरीच भवति न भवति झाली. शेवटी बाळूंना संघात घेतलं. पण कसं? मैदानावर त्यांनी टाकलेल्या चेंडूला सगळे शिवणार; चहाच्या वेळी मात्र इतरांना चिनी मातीचे कप आत, आणि बाळूंना मंडपाबाहेर मातीच्या भांड्यात. तोच चेंडू पाच मिनिटांपूर्वी ब्राह्मण यष्टिरक्षकाच्या हातात गेलेला असायचा! विटाळ चेंडूतून जात नव्हता, फक्त चहातून जात होता. माझ्या वर्गात हे सांगितलं की मुलं हसतात. हसण्यासारखं आहेच, पण ज्याला बाहेर उभं राहून ते भांडं तोंडाला लावावं लागलं, त्याला हसू आलं नसेल.

प्लेगच्या दिवसांत पुणं सोडून बाळू मुंबईला आले. लष्करात, आणि मग बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत त्यांनी नोकरी केली. हीच रेल्वे १९५१ साली पश्चिम रेल्वेत विलीन झाली, म्हणजे अंधेरी-बोरिवलीकरांची आजची गाडी धावते ती त्याच मार्गावरून. हिंदू जिमखान्यातही त्यांना घ्यायला आधी काहींचा विरोध होता, पण तो मावळला. आणि मुंबईत पुढे सहखेळाडूंबरोबर खाणंपिणंही होऊ लागलं. पुण्यापेक्षा मुंबई एक पाऊल पुढे होती असं म्हणता येईल, अर्थात एकच.

१९०६ च्या फेब्रुवारीत हिंदू विरुद्ध युरोपियन असा सामना मुंबईत झाला. हिंदूंच्या धावा २४२ आणि १६०, युरोपियनांच्या १९१ आणि १०२. हिंदू १०९ धावांनी जिंकले. बाळूंनी दोन्ही डावांत मिळून आठ बळी घेतले. त्यांचा धाकटा भाऊ शिवरामही त्या संघात होता. वंगभंगाच्या चळवळीचे ते दिवस होते, स्वदेशीचं वारं होतं. तेव्हा राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरवण्याचा आनंद किती झाला असेल याची कल्पना करा. आणि तो आनंद ज्यानं मिळवून दिला, तो कोण होता याचीही करा.

१९११ साली पतियाळाच्या तरुण महाराजांच्या नेतृत्वाखाली सर्व हिंदुस्थानचा पहिला संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला. बाळूंनी मात्र साऱ्या दौऱ्यात मिळून ११४ बळी घेतले, त्यांपैकी ७५ पहिल्या दर्जाच्या सामन्यांत. परत आल्यावर मुंबईच्या अस्पृश्य समाजानं त्यांचा जाहीर सत्कार केला.

इतकं झाल्यावर कोणालाही वाटेल की हा माणूस हिंदू संघाचा कप्तान झाला असेल. नाही झाला. वर्षामागून वर्षं कप्तानपद दुसऱ्यांकडे जात राहिलं. चेंडू टाकणं हे हाताचं काम, तिथं अस्पृश्य चालला. कप्तानी म्हणजे हुकूम देणं. उच्चवर्णीय दहा गड्यांना 'तू इथं उभा राहा, तू तिथं' असं सांगणं. ती घास घशात अडकावा तशी अडकली. १९२० च्या चौरंगीत कप्तान एम. डी. पै आजारी पडले तेव्हा तो मान धाकटे बंधू विठ्ठल यांना डावलून प्रा. दि. ब. देवधरांना मिळाला. देवधर मोठे खेळाडू, यात वाद नाही. पण विठ्ठल आणि शिवराम यांनी जाहीरपणे निषेध करून संघ सोडला. मला विचाराल तर १९०६ च्या विजयापेक्षा ही घटना मोठी आहे. मिळालेली जागा सोडून देणं, तेही मानासाठी, याला वेगळं धैर्य लागतं. गवगवा झाला, वर्तमानपत्रं बोलू लागली. पुढच्या सामन्यात पै परत आले, दोघे भाऊही परतले, आणि बाळूंना उपकप्तान नेमलं गेलं. पै काही वेळ मैदानाबाहेर गेले तेव्हा चव्वेचाळीस वर्षांच्या बाळूंनी हिंदू संघ चालवला. तेवढाच वेळ.

१९२३ साली मात्र विठ्ठल कप्तान झाले आणि हिंदूंनी चौरंगी जिंकली. लोकांनी त्यांना खांद्यावर घेतलं. चार वर्षं ते कप्तान होते, त्यांत तीनदा अजिंक्यपद आलं.

आता पुन्हा अमेरिका. १५ एप्रिल १९४७ रोजी ब्रुकलिनच्या मैदानावर जॅकी रॉबिन्सन उतरला आणि साठ वर्षांचा तो न लिहिलेला नियम मोडला. त्याला आणणारे ब्रँच रिकी हे पक्के व्यवहारी गृहस्थ. तत्त्व आणि तिकीटविक्री, दोन्ही त्यांना कळत होतं. रॉबिन्सनला शिव्या पडल्या, धमक्या आल्या. तो त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित ठरला आणि १९४९ साली लीगचा सर्वात मौल्यवान खेळाडू. १९५५ मध्ये ब्रुकलिननं यँकीजना, म्हणजे त्या टोपीवाल्यांना, हरवून वर्ल्ड सिरीज जिंकली.

पण खेळायला मिळालं म्हणजे सगळं मिळालं का? संघ चालवणाऱ्याला तिकडे मॅनेजर म्हणतात. ऑक्टोबर १९७२ मध्ये वर्ल्ड सिरीजच्या एका सामन्यापूर्वी रॉबिन्सनचा गौरव झाला. योगायोगानं तो सामनाही सिनसिनाटीतच होता. तिथं, डोळ्यांनी जवळजवळ दिसेनासं झालेल्या त्या माणसानं आभार मानता मानता सांगितलं, की एखादा कृष्णवर्णी मॅनेजर पाहायला मिळाला तर आपल्याला अधिक आनंद होईल. नऊ दिवसांनी तो वारला. पहिला कृष्णवर्णी मॅनेजर, फ्रँक रॉबिन्सन, क्लीव्हलँडला उभा राहिला तो १९७५ साली. म्हणजे मैदानात पाय ठेवल्यापासून हुकूम देण्याच्या जागेपर्यंत पोचायला तिकडे अठ्ठावीस वर्षं लागली. बाळूंच्या उमेदीच्या दिवसांपासून विठ्ठलच्या कप्तानीपर्यंतचा हिशोब याच्या आसपासच येतो, हे पाहून मी चकित झालो. फरक एवढा की अमेरिकेनं माणसाला दाराबाहेर ठेवलं. आपण त्याला आत घेतलं आणि उंबऱ्यावर बसवलं. यांतलं अधिक वाईट कोणतं, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

पंचरंगीचे अखेरचे दिवस फार गाजले. रेडिओवर बॉबी तल्यारखान एकटे दिवसभर वर्णन करीत आणि दुकानादुकानांपुढे गर्दी जमे. डिसेंबर १९४३ मध्ये ब्रेबोर्न स्टेडियमवर विजय मर्चंटनी हिंदूंकडून नाबाद २५० केल्या. 'इतरां'कडून सांगलीचे विजय हजारे उभे राहिले. त्यांच्या संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ त्यांच्या एकट्याच्या! भाऊ विवेकबरोबर ३०० ची भागी झाली, त्यात विवेकच्या २१. तरीही संघ डावानं हरला. खेळ असा बहरात असताना, धर्मावार संघ मात्र डोळ्यांत खुपू लागले होते. हिंदू जिमखान्याची मंडळी १९४० च्या डिसेंबरात गांधीजींना भेटली तेव्हा त्यांनी अशा सामन्यांबद्दल स्पष्ट नापसंती दिली होती. १९४६ नंतर पंचरंगी बंद झाली. शहराची निष्ठा मुंबईच्या रणजी संघाकडे वळली, आणि त्या संघानं २०२४ पर्यंत ४२ वेळा अजिंक्यपद मिळवलं.

बाळू नंतर राजकारणात आले. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३७ च्या निवडणुकीत ते काँग्रेसतर्फे थेट डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले आणि सुमारे दोन हजार मतांनी पडले. एकेकाळी अस्पृश्य तरुण ज्यांच्याकडे अभिमानानं पाहत, त्यांना त्याच समाजातल्या त्याहून मोठ्या नेत्यासमोर उभं केलं गेलं, हे मला नेहमीच खटकतं. जुलै १९५५ मध्ये, ब्रुकलिनच्या विजयाच्या तीन महिने आधी, ते मुंबईत वारले.

हिंदुस्थान पहिला कसोटी सामना खेळला १९३२ साली, तेव्हा बाळू छप्पन वर्षांचे होते. त्यामुळे कसोटीच्या कोष्टकात त्यांचं नाव नाही. पहिल्या दर्जाचे ३३ सामने आणि १७९ बळी, एवढीच त्यांची नोंद. अमेरिकेनं २०२४ साली कृष्णवर्णी लीगांचे आकडे मुख्य आकडेवारीत मिळवले आणि जॉश गिब्सनचं नाव कारकिर्दीच्या फलंदाजी-सरासरीत सर्वांच्या वर गेलं. बाळूंच्या बाबतीत असे मिळवायचे आकडेच नाहीत. पूना जिमखान्याच्या जाळीत त्यांनी साहेबांना टाकलेले चेंडू कोणी मोजले नव्हते. आहे ते विठ्ठलरावांचं 'माझे क्रीडाजीवन' हे १९४८ सालचं मराठी पुस्तक. एखाद्या जुन्या ग्रंथालयाच्या कपाटात दिसलं, तर जरूर मागून घ्या.