कुर्द प्रश्न आणि युरोपचे दायित्व

तुर्कस्तान, इराण, इराक व सीरिया या चार राज्यांत विभागल्या गेलेल्या कुर्द लोकसमूहाच्या राजकीय व भाषिक हक्कांचा प्रश्न शांततेच्या मार्गाने सोडविण्याबाबत युरोपीय राष्ट्रांवर येणारी जबाबदारी. या मुलखातून जाणाऱ्या सरहद्दींपैकी इराणकडील सरहद्द पुष्कळ जुनी आहे. उरलेल्या मात्र पहिल्या महायुद्धानंतर युरोपीय राष्ट्रांच्या पुढाकाराने ठरल्या, आणि त्या ठरविताना कुर्दांना काही अभिवचने लेखी देण्यात आली असल्यामुळे हे दायित्व प्राधान्याने करारजन्य मानावे लागते. कुर्दांच्या एकूण लोकसंख्येचे अंदाज परस्परांशी जुळत नाहीत.

सेव्हर व लोझान : १० ऑगस्ट १९२० च्या सेव्हर तहाच्या ६२ व्या कलमान्वये युफ्रेटीसच्या पूर्वेकडील कुर्दबहुल प्रदेशासाठी स्थानिक स्वायत्ततेची योजना ब्रिटन, फ्रान्स व इटली यांनी नेमलेल्या त्रिसदस्य मंडळाने सहा महिन्यांत तयार करावयाची होती, आणि ६४ व्या कलमान्वये तेथील बहुसंख्य कुर्दांनी एका वर्षाच्या आत राष्ट्रसंघाकडे स्वातंत्र्याची मागणी केल्यास व संघाने तशी शिफारस केल्यास तुर्कस्तानने त्या प्रदेशावरील हक्क सोडावयाचे होते. हा तह अंमलात आला नाही. त्याच्या जागी आलेल्या २४ जुलै १९२३ च्या लोझान तहात कुर्दांचा नामोल्लेखही नाही. त्यातील अल्पसंख्याकविषयक विशेष संरक्षण मुस्लिमेतरांपुरते ठेवले गेले. तथापि ३९ व्या कलमाने कोणत्याही तुर्की प्रजाजनास खाजगी व्यवहारात, व्यापारात, वृत्तपत्रांत व सार्वजनिक सभांत कोणतीही भाषा वापरण्याची मुभा दिली होती. तिची पायमल्ली होत असताना तहावर सह्या करणारी युरोपीय राष्ट्रे स्वस्थ राहिली.

मोसुलचा निवाडा : मोसुल प्रांत तुर्कस्तानकडे जावा की ब्रिटिश महादेशाखालील (मँडेट) इराककडे, हा लोझान येथे अनिर्णित राहिलेला वाद राष्ट्रसंघापुढे आला, तेव्हा स्वीडनचे आफ वीर्सेन, हंगेरीचे काउंट पाल टेलेकी व बेल्जियमचे कर्नल पाउलिस अशा तिघांचा आयोग नेमण्यात येऊन त्याने १९२५ च्या आरंभी प्रत्यक्ष प्रांतात हिंडून स्थानिकांच्या जबान्या घेतल्या. केवळ वांशिक निकष लावावयाचा तर स्वतंत्र कुर्द राज्यच स्थापावे लागेल, कारण लोकसंख्येचा पाच-अष्टमांश भाग कुर्द आहे, असे या आयोगाने आपल्या अहवालात नमूद केले, आणि तरीही आर्थिक व अन्य कारणांस्तव प्रांत इराकला जोडण्याची शिफारस केली. मात्र तिला दोन अटी जोडल्या : महादेश सुमारे पंचवीस वर्षे चालू राहावा, आणि कुर्द मुलखातील कारभार, न्यायदान व शिक्षण यांसाठी कुर्द अधिकारी नेमून कुर्द हीच तेथील अधिकृत भाषा ठेवावी. १६ डिसेंबर १९२५ रोजी संघाच्या परिषदेने याच धोरणाने निर्णय दिला. इराकला तत्पूर्वी सभासदत्व मिळाल्यास मुदत संपावी अशी सवलत ठेवलेली होती, आणि तिचा लाभ घेऊन ३ ऑक्टोबर १९३२ रोजी महादेश संपुष्टात आला. त्यापूर्वी, ३० मे १९३२ रोजी, कुर्दबहुल तालुक्यांत अरबीबरोबर कुर्द ही अधिकृत भाषा राहील, असे जाहीर अभिवचन इराककडून घेण्यात आले. त्याचा जामीन राष्ट्रसंघ होता. १९४६ मध्ये तो विसर्जित झाला.

याच प्रांतातील सुलेमानियाचे शेख महमूद बर्जंजी यांना ब्रिटिशांनी प्रथम आपला प्रशासक नेमले, १९१९ मध्ये बंड केल्यावर हिंदुस्थानात हद्दपार केले, व १९२२ मध्ये परत आणल्यावर त्यांनी स्वतःस राजा म्हणवून घेताच ब्रिटिश वायुदलाने सुलेमानियावर बाँबफेक केली.

इराण : कुर्दांनी महाबाद येथे स्थापिलेले प्रजासत्ताक स्थापनेच्याच वर्षी, १९४६ मध्ये, नष्ट झाले.

सीरिया : फ्रेंच महादेशाखाली कुर्द स्वायत्ततेची मागणी मान्य झाली नाही.

रासायनिक अस्त्रे : १६ मार्च १९८८ रोजी इराकी विमानांनी हलब्जा या कुर्द शहरावर विषारी वायूचा मारा केला. या अस्त्रांसाठी इराकला रसायने पुरविणारा डच व्यापारी फ्रान्स व्हान आनराट यास हेग येथील न्यायालयाने २००५ मध्ये युद्धगुन्ह्यांतील साहाय्याबद्दल पंधरा वर्षांची शिक्षा दिली.

मानवी हक्क न्यायालय : तुर्कस्तानने मानवी हक्कांच्या युरोपीय करारास १९५४ मध्ये मान्यता दिली व १९८७ मध्ये वैयक्तिक तक्रारीचा अधिकार स्वीकारला. दियारबाकिर प्रांतातील केलेक्ची खेड्यात १९९२ साली घरे जाळली गेली, त्यासंबंधीच्या अक्दिवार खटल्यात ती सुरक्षा दलांनी जाळल्याचे स्ट्रासबर्ग येथील युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने १९९६ मध्ये ग्राह्य धरले. विशेष महत्त्वाचे असे की, देशांतर्गत दाद मागण्याचा मार्ग परिणामशून्य असल्यामुळे तो आधी चोखाळण्याची अट त्याने या फिर्यादींना लागू केली नाही. कुर्द राजकीय नेते सेलाहत्तिन देमिर्ताश यांच्या तात्काळ सुटकेचा आदेश २२ डिसेंबर २०२० रोजी न्यायालयाच्या महापीठाने दिला, परंतु त्यानंतरही त्यांना तुरुंगातच ठेवण्यात आले.

विद्यमान दायित्व : युरोपीय संघाने १९९९ मध्ये तुर्कस्तानला सभासदत्वाचा उमेदवार म्हणून मान्य केल्यानंतर देहदंडाची शिक्षा रद्द झाली व कुर्द भाषेतील प्रक्षेपणास वाट मिळाली; सभासदत्वाची बोलणी थंडावल्यावर मात्र संघाचा हा प्रभावही ओसरला. तुर्कस्तानविरुद्ध सशस्त्र लढा देणाऱ्या कुर्दिस्तान कामगार पक्षाला संघाने २००२ मध्ये दहशतवादी संघटनांच्या यादीत घातले. ते योग्य होते की नाही, याविषयी तीव्र मतभेद आहेत. मे २०२५ मध्ये या पक्षाने सशस्त्र लढा संपवून स्वतःचे विसर्जन जाहीर केले. शस्त्रे खाली ठेवणाऱ्यांना कायद्याचे संरक्षण व मातृभाषेचा हक्क मिळाल्यावाचून ही शांतता टिकणे कठीण आहे, आणि त्यासाठी युरोपला नवा अधिकार संपादन करावयाचा नाही : मानवी हक्कांच्या युरोपीय करारातील ४६ व्या कलमाने न्यायालयाचे निवाडे बंधनकारक ठरविले आहेत व त्यांच्या बजावणीवरील देखरेख युरोप परिषदेच्या मंत्रिसमितीकडे सोपविली आहे. राष्ट्रसंघाच्या पश्चात मोसुलच्या अभिवचनाला जामीन उरला नाही. आजच्या निवाड्यांना तो आहे, आणि त्यांची बजावणी करून घेणे हेच युरोपचे पहिले कर्तव्य होय.