उंदराचा फुकट प्रवास

१८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. अकासियो व्हिएगस यांनीं गांठीच्या तापाचें निदान केलें, तेव्हां तेथल्या धान्याच्या वखारींतून उंदीर मरून पडत होते. ते सर्वांच्या डोळ्यांसमोर होतें. संशय मात्र माणसावर घेण्यांत आला. १८९७ चा साथरोग कायदा होतांच आगगाडीच्या उतारूंना फलाटावर उभें करून त्यांच्या काखा व जांघा चांचपण्यांत येऊं लागल्या. स्त्रियांच्या मर्यादेचीहि पुष्कळदां पर्वा राहिली नाहीं. त्याच रुळांवरून जाणाऱ्या मालडब्यांत, ज्वारीच्या पोत्यांआड बसलेला उंदीर मात्र तिकिटावांचून आणि तपासणीवांचून पुढल्या गांवीं उतरत असे.

सोलापूर हें अशा उतारूच्या मोठ्या सोयीचें शहर. लोहमार्ग येथें १८६० मध्यें आला व १८७१ मध्यें रायचुरास मद्रासकडील मार्गाला मिळाला. १८७७ मध्यें कापडाची गिरणी सुरू झाली. धान्य खाण्यास आणि कापूस अंथरण्यास, दोन्ही एकाच ठिकाणीं! प्लेगानें सोलापुरासहि सोडलें नाहीं.

कराचींत १८९८ मध्यें पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानें प्रयोगानें दाखविलें कीं, हा रोग उंदराच्या अंगावरील पिसू नेते. कित्येक वर्षें तें कोणीं मनावर घेतलें नाहीं. १९०५ नंतर मुंबईंतील संशोधन मंडळाच्या कामानें तेंच खरें ठरलें. उंदीर मरून थंड पडला कीं पिसू दुसरें ऊबदार अंग शोधूं लागते, आणि पोत्यांच्या मालाबरोबर ती उंदरावांचूनहि प्रवास करूं शकते.

जहाजांनीं हा धडा लवकर घेतला. दोरखंडांवर पत्र्याच्या चकत्या बसल्या, तळघरांत गंधकाची धुरी दिली जाऊं लागली, आणि १९२६ च्या पॅरिस येथील आंतरराष्ट्रीय करारानें दर सहा महिन्यांनीं जहाजाजवळ मूषकनाशाचा किंवा त्यांतून सूट मिळाल्याचा दाखला असणें आवश्यक केलें. जमिनीवरील गाडीला असा दाखला कोण मागणार? बैलगाडीला तो लागतहि नव्हता. तिची चौकट उघडी, ती रोज रिकामी होणारी; बिऱ्हाड करावें असा कोपराच तींत नाहीं.

तो कोपरा मोटारीनें दिला. झांकणाखालीं अंधार, इंजिनाची ऊब, आणि कुरतडण्यास तारांचें वेष्टण. उंदराचे पुढचे दांत जन्मभर वाढतात. ते झिजविणें ही त्याची खोडी नव्हे, गरज आहे. सोलापूर जिल्ह्यांत ऊस वाहणारे ट्रॅक्टर गाळप संपल्यावर महिनेच्या महिने कडब्याच्या गंजीशेजारीं उभे राहतात. त्यांत पावसाचें पाणी बिळांत शिरलें कीं उंदीर वर चढतो. घूस तर जमीनच पोखरते. सोलापूरच्या तेलुगु विणकरांच्या भाषेंत तिला पंदिकोक्कु, म्हणजे डुक्कर-उंदीर, म्हणतात. इंग्रजांनीं आपला बँडिकूट शब्द त्यावरूनच घेतला.

तंबाखूचीं पानें, डांबराच्या गोळ्या हे उपाय घरोघरीं सांगितले जातात. वास उडाला कीं पाहुणा परत येतो. विष घालणें त्याहून वाईट. उंदीर गाडीच्या सांदींत मरतो, दुर्गंधी सुटते, आणि थंड पडलेल्या अंगावरील पिसवा कोठें जातात तें कराचीच्या प्रयोगानें दाखविलेंच आहे. गाडी धान्यापासून व गंजीपासून दूर, मोकळ्या जागीं उभी करणें, अन्नाचा कण आंत न ठेवणें, बोटभर फटींवर तारेची बारीक जाळी बसविणें आणि आठवड्यांतून एकदां झांकण उघडून पाहणें, हें अधिक टिकाऊ. घरटें सांपडल्यास तें कोरडें झाडूं नये. हातमोजे घालून, जंतुनाशकानें भिजवून उचलावें. तें काढल्यावांचून इंजिन चालूं केलें, तर तापलेल्या नळीवर वाळलें गवत आणि कापूस पेट घेण्यास वेळ लागत नाहीं.