शिस्त, रंजक आणि एक जुनी रायफल

मोल्सवर्थच्या कोशात ‘शिस्त’ या फारसी शब्दाचा अर्थ बंदुकीचा नेम असा दिला आहे. शिस्त धरणे म्हणजे नेम धरणे. वर्गात मुलांना शिस्त लावताना आपण मुळात कोणती क्रिया करीत असतो, याचा विचार आम्ही अध्यापक मंडळी सहसा करीत नाही. ‘रंजक’ म्हणजे बंदुकीच्या कानात घालायची चिमूटभर दारू. संस्कृतातून आलेला, मन रिझवणारा ‘रंजक’ वेगळा. पण दोन्ही शब्द शेजारी ठेवले की गंमत वाटते. लग्नाचा बार आपण अजून उडवतो, एखाद्याचा फुसका बार निघाला म्हणतो, आणि बंदूक दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवतो. बंदूक बहुतेक घरांतून गेली, भाषेतून गेली नाही.

हे सारे आठवण्याचे निमित्त म्हणजे घरातून न गेलेली एक बंदूक. आम्ही दोघे बुलडाणा जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. आमच्या एका सहकाऱ्याचे मूळ गाव मोताळा तालुक्यात, बोथ्याच्या जंगलाच्या कडेला आहे. त्यांच्या वाड्यात कपाटामागे उभी करून ठेवलेली आजोबांची रायफल दोन पावसाळे गळत्या भिंतीला लागून राहिली आणि गंजली. सहकाऱ्यांच्या वडिलांनी (आम्हीही त्यांना काकाच म्हणतो) ती दुरुस्त करून घ्यायचे ठरवले. परवाना वारसाहक्काने त्यांच्या नावावर आला होता. कागदपत्रे चोख होती. आम्हाला बोलावणे आले ते रायफलीवरची अक्षरे वाचून देण्यासाठी. जुनी अक्षरे म्हणजे मराठीच्या मास्तरांचे काम, असा काकांचा साधा हिशेब होता. अक्षरे इंग्रजी होती, ही गोष्ट निराळी.

नळीवर बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स कंपनीचे नाव, शेजारी एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुकांचे चिन्ह, इंग्लंडातल्या चाचणीगृहाचे शिक्के आणि ३१५ हा आकडा. ही तीच बीएसए, जिचे नाव आपल्याकडे पुढे सायकलींमुळे घरोघर पोचले. रायफल बोल्टची: उजव्या हाताने मूठ वर उचलायची, मागे ओढायची, पुढे लोटून खाली दाबायची. जेम्स पॅरिस ली या स्कॉटलंडात जन्मलेल्या आणि अमेरिकेत नाव काढलेल्या माणसाची ही रचना. ब्रिटिश सैन्याने ती १८८८ पासून ली-मेटफर्ड आणि १८९५ पासून ली-एनफील्ड या नावांनी स्वीकारली. म्हणजे वाड्यातल्या कपाटामागे होती ती सोजिराच्या हातातल्या रायफलीची सख्खी बहीण. फरक एकच, आणि सारा इतिहास त्या फरकात आहे. सोजिराच्या रायफलीचे काडतूस ३०३ चे. हिचे ३१५ चे.

हा आकडा कुठून आला? १८५७ नंतर हिंदी माणसाच्या हातात कोणते शस्त्र असावे हा सरकारच्या काळजीचा कायमचा विषय झाला. लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत १८७८ साली दोन कायदे आले: देशी भाषांतील वृत्तपत्रांचा आणि हत्यारांचा. ‘निबंधमाला’ त्या वेळी चौथ्या-पाचव्या वर्षात होती. साहित्याच्या इतिहासात आपण पहिला कायदा शिकवतो आणि दुसऱ्याकडे वळूनही पाहत नाही. पण दोन्ही एकाच भीतीची अपत्ये होत. वृत्तपत्रांचा कायदा रिपनने १८८२ मध्ये मागे घेतला. हत्यारांचा मात्र स्वातंत्र्यानंतरही टिकला आणि १९५९ च्या कायद्याने त्याची जागा घेतली. लेखणीपेक्षा बंदुकीचे भय जास्त काळ टिकले असे म्हणावे, तर त्यात आम्हा लेखणीवाल्यांचा थोडा अपमान आहे. असो.

१९०७ च्या सुमारास सरकारने आणखी एक पाऊल टाकले. सैन्याच्या मापाची काडतुसे खाजगी बंदुकांत चालू नयेत म्हणून ३०३ आणि ४५० ही मापे हिंदुस्थानात नागरिकांना बंद झाली. हेतू उघड होता: छावणीतून चोरलेली गोळी बाहेरच्या कुणाच्या बंदुकीत बसता कामा नये. विलायतेतले बंदूकवाले कारखानदार त्यावर नवनवी मापे काढू लागले. संस्थानिक आणि साहेबलोक यांच्यासाठी ४७० सारख्या महागड्या दुनळ्या आल्या. बेताच्या ऐपतीच्या शिकाऱ्यासाठी बीएसएने आपल्याच लीच्या रचनेत ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्याचे आठ मिलिमीटरचे काडतूस बसवले. ते काडतूस आकाराने ३०३ च्या जवळचे, त्यामुळे यंत्रात फार बदल करावा लागला नाही. ज्या साम्राज्याचे ते काडतूस होते ते १९१८ मध्ये नकाशावरून पुसले गेले. काडतूस इथे राहिले. आजही बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात (हा १९०४ चा) ३१५ च्या शिकारी रायफली होतात आणि त्यांची काडतुसे आपल्या पुण्याजवळ खडकीला होतात. सरकारी आयुध कारखान्यांच्या २०२१ मध्ये कंपन्या झाल्या, माप तेच राहिले.

म्हणून आमचे म्हणणे असे की, ३१५ हा नुसता व्यासाचा आकडा नव्हे. राज्यकर्त्याच्या मनातली शंका लोखंडाच्या नळीत कोरून काढली तर ती जशी दिसेल तशी ही नळी आहे. वऱ्हाड तर आणखी अडनिडे: १८५३ पासून इंग्रजांकडे सोपवलेले, नावाने निजामाचे, १९०२ च्या करारानंतर कायमच्या पट्ट्याने दिलेले. मालक एक, धनी दुसरा. अशा मुलुखात खेड्यातल्या माणसाला रायफलीचा परवाना मिळणे म्हणजे आपण सरकारच्या विश्वासातले आहोत याची पावती मिळणे. काकांच्या घराण्यात रायफलीला जो मान होता तो शिकारीपेक्षा या पावतीचा होता, असे आम्हाला गप्पांतून जाणवत गेले.

दुरुस्ती एका परवानाधारक मिस्त्रींकडे झाली. कायद्याने घरी बसून हत्यार दुरुस्त करता येत नाही, नळी आखूड करता येत नाही. या गोष्टींना स्वतंत्र परवाना लागतो. सत्तरी ओलांडलेल्या या गृहस्थांचे काम पाहणे हा आम्हाला एखाद्या जुन्या पोथीच्या संपादनाला बसल्यासारखा अनुभव होता. त्यांनी आधी काहीच केले नाही. दोन दिवस नुसते पाहिले. बोल्टवरचा क्रमांक आणि सांगाड्यावरचा क्रमांक एकच आहे ना, हे ताडून घेतले. तो वेगळा असता तर एका पोथीची पाने दुसऱ्या पोथीत शिरल्यासारखे झाले असते, आणि इथे प्रक्षेप नुसता अर्थाला नव्हे, डोळ्यालाही घातक ठरतो. मग नळीतून कढत पाणी ओतले. जुन्या काडतुसांच्या टोपीतल्या रसायनाने नळीत मीठ साठते, ते हवेतला ओलावा ओढून घेते आणि लोखंड आतून खाते. तेलाने ते निघत नाही, पाण्याने निघते. वरचा गंज त्यांनी तेल आणि बारीक लोखंडी लोकरीने असा उतरवला की शिक्क्यांचे एकही अक्षर बोथट झाले नाही. दस्ता अक्रोडाचा. त्यावर कोणीतरी कधीतरी फर्निचरचे चकचकीत व्हार्निश फासले होते. ते काढून त्यांनी जवसाचे तेल तळहाताने चोळले, वाळू दिले, पुन्हा चोळले. असे पंधरा-वीस दिवस. विलायतेत या कामाला हेच तेल वापरतात. आपल्या वऱ्हाडात जवसाची चटणी होते.

अडचण पुढे आली. नळीखालच्या लाकडात समोरच्या बाजूला दोन आरपार भोके होती, आणि त्यांच्या वर नळीचा निळसर काळा रंग एका कड्याच्या रुंदीएवढा घासून गेलेला. शिवाय पुढच्या माशीवर पांढऱ्या रंगाचा कण शिल्लक होता. मिस्त्रींनी आम्हाला न विचारताच सांगितले, “ही बॅटरीची भोकं. रात्री मचाणावर बसायचं तर नळीला बॅटरी आवळून घेत. असल्या लई पाहिल्या मी.”

हे ऐकून सहकारी गप्प झाले. कारण घरातली कथा वेगळी होती. आजोबांनी १९५० च्या दशकात गावातली गुरे नेणारा बिबट्या भर दिवसा, नाल्यात, पायी समोर उभे राहून मारला, अशी ती कथा. आम्हीही ती जेवणाच्या पंगतीत दोनदा ऐकली होती. आता रायफल म्हणत होती की तिचा धनी अंधारात, झाडावर, बांधलेल्या आमिषासमोर उजेड पाडून बसत असे. एकाच माणसाने दोन्ही केले असेल, हे अशक्य नाही. पण पुरावा एकाचाच होता.

काकांनी दोन गोष्टी मागितल्या: भोके बुजवा आणि नळी नव्याने काळी करा, अगदी नव्यासारखी. शिवाय आता करतोच आहोत तर वर दुर्बीण बसवावी असे धाकट्या मुलाने सुचवले. दुर्बिणीसाठी पोलादाच्या सांगाड्याला भोके पाडावी लागतात. मिस्त्रींनी ते एका शब्दात नाकारले. पट्टा मात्र नवा कातडी घातला, तोही जुन्या कड्यांत.

आम्ही नको म्हणालो. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली आणि राजवाड्यांनी १९०९ मध्ये आपली प्रत एकनाथपूर्व म्हणून पुढे आणली; त्या वादात शिरलेल्या कोणालाही ठाऊक असते की शुद्धीचा हात फिरला की आधीचे काय होते ते पुन्हा सापडत नाही. गंज थांबवणे वेगळे आणि खुणा पुसणे वेगळे. काका शांतपणे म्हणाले, “सर, तुमच्यासाठी तो पुरावा आहे. माझे ते वडील आहेत.” यावर आमच्याकडे उत्तर नव्हते, आजही नाही.

आम्ही त्यांना जिम कॉर्बेटच्या रायफलीची हकीकत सांगितली. चंपावतची वाघीण मारल्याबद्दल संयुक्त प्रांताच्या नायब राज्यपालांनी १९०७ मध्ये कॉर्बेटला रिग्बी कंपनीची २७५ मापाची रायफल दिली. तिचा बोल्ट मात्र माउझरच्या रचनेचा. कॉर्बेटचे पहिले मोठे पुस्तक १९४४ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या मुंबई शाखेने काढले, आणि १९५५ मध्ये त्याच्या मृत्यूनंतर रायफल वारशाने गेली ती या प्रकाशकांकडे. प्रकाशकाच्या तिजोरीत लेखकाची बंदूक, हे चित्र आम्हाला फार आवडते. २०१५ मध्ये मूळ कंपनीने ती परत मिळवली आणि पुढच्या वर्षी ती हिंदुस्थानात आणून दाखवली. दस्त्यावरची झीज आणि ओरखडे यांनाच किंमत आहे. तीच नवीकोरी केली असती तर तशा रायफली दुकानात मिळतात. काकांनी ऐकून घेतले. “कॉर्बेटची गोष्ट त्यानं स्वतः लिहून ठेवली,” ते म्हणाले. “आमच्या बाबांनी कुठं लिहिलं?”

आम्हाला वाटते इथे नेमका पेच आहे. लिहिणाऱ्या शिकाऱ्यांचा इतिहास झाला, न लिहिणाऱ्यांची दंतकथा झाली. आपल्याकडे व्यंकटेश माडगूळकरांनी बंदूक बाजूला ठेवून वही आणि चित्रकलेची पेन्सिल हाती घेतली, मारुती चितमपल्लींनी वनाधिकारी म्हणून जंगल पाहून लिहिले. पण मचाणावर बसणाऱ्या खेड्यातल्या परवानाधारकाने आपल्या रात्रींबद्दल काय वाटले ते लिहून ठेवल्याचे आमच्या वाचनात नाही. त्याची साक्ष लाकडातल्या दोन भोकांत आहे. पायी मारलेल्या बिबट्यापेक्षा रात्रभर डास सोसत, बॅटरीच्या कळीवर अंगठा ठेवून बसलेला घाबरलेला माणूस आम्हाला अधिक जवळचा वाटतो. हे काकांना सांगण्याचे धैर्य मात्र झाले नाही.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रायफलीचे काम संपले. पिकांत शिरणाऱ्या रोही आणि रानडुकरांसाठी अधिकाऱ्याच्या परवानगीची तरतूद आहे, पण ती वाट कागदांची. बोथ्याचे जंगल १९९७ मध्ये ज्ञानगंगा अभयारण्य झाले. २०१९ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरातून निघालेला एक गळपट्टा लावलेला तरुण वाघ विदर्भ, मराठवाडा आणि तेलंगणाची शेते तुडवीत, तेराशे किलोमीटरहून अधिक चालून डिसेंबरात या जंगलात पोचला. वर्तमानपत्रांनी त्याला ‘वॉकर’ म्हटले. काकांनी त्याची सगळी कात्रणे वहीत चिकटवली आहेत, आणि ती वही रायफलीच्याच कपाटात असते.

शेवटी मिस्त्रींनीच मार्ग काढला. नळी त्यांनी काळी केली नाही. नवा रंग जुन्या शिक्क्यांवर चढतो, अक्षरे मरतात, एवढेच कारण त्यांनी दिले आणि ते काकांना पटले. भोके मात्र बुजवली: अक्रोडाने नव्हे, सागाच्या दोन खुंट्यांनी. लाकूड बंद झाले, पण रंग वेगळा असल्यामुळे बोटाच्या पेराएवढे दोन पिवळट ठिपके लांबूनही दिसतात. अक्रोडाचा तुकडा मिळाला नाही असे ते म्हणाले. त्यांच्या दुकानात कोपऱ्यात अक्रोडाचे मोडके दस्ते पडलेले आम्ही पाहिले होते.

२०२४ च्या विधानसभा निवडणुकीच्या वेळी नियमाप्रमाणे रायफल पोलीस ठाण्यात जमा करावी लागली. काकांबरोबर आम्ही गेलो होतो. हवालदाराने नोंदवहीत क्रमांक उतरवला, माप लिहिले, ठिपक्यांवरून अंगठा फिरवला आणि विचारले, हे काय. काका म्हणाले, “बाबांनी बॅटरी लावली होती.” मग पावती घडी करून खिशात ठेवली.